दक्षिणेकडं तोंड केलेला कंदील

कंदील एकच होता आणि तो धाकटीला मिळाला. इतकी वर्षं झाली, पण आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

आमचं घर नावाड्याचं. शिरोळ भागात पंचगंगेच्या उत्तर काठावर गाव आणि दक्षिण काठावर बाजाराची वाट. घरात दोन नावा, एक माझ्या मालकांची आणि एक धाकट्या दिराची. खालच्या घाटावर अंधारात दोन नावा एकमेकींवर आदळल्या, तेव्हा महाराजांच्या सरकारातनं दवंडी आली. दिवेलागणीनंतर नाव घालायची असंल तर पुढच्या टोकाला कंदील पायजे, आणि तो समोरच्या काठावरनं दिसला पायजे. न्हाय तर रातची नाव बंद.

मामंजी कोल्हापूरला जाऊन पत्र्याचा चौकोनी कंदील घेऊन आले. त्याला एकाच बाजूला काच होती. मी थोरली सून, तवा मला वाटलं, हा आमच्याच नावेला लागणार. मामंजींनी तो सरळ धाकट्याच्या हातात दिला. कारण मला ठाऊक होतं. माझ्या मालकांना रातांधळं होतं, दिवस कलला की समोरचा माणूस दिसायचा न्हाय. पण कारण ठाऊक असलं म्हणून पोटातलं दुखणं थांबतंय होय?

रोज सांजेला धाकटी जाऊ नटूनथटून घाटावर यायची. राखेनं काच पुसायची, घासलेट घालायची, वात लावायची. दिवा लागला की उतारू हात जोडायचे, तशी रीतच हाय. पण हिला वाटायचं, आपल्यालाच जोडत्यात! अर्ध्या हळकुंडानं पिवळी झालेली बया! आमची नाव तवा खुंटाला बांधलेली, आणि मी घाटाच्या पायरीवर तोंड पाडून बसलेली.

त्यात मामंजींचा एक हट्ट. दिव्याचं तोंड दक्षिणेला करायचं न्हाय, ती यमाची दिशा. म्हणून पलीकडं जाताना भावजी कंदील फिरवून काच घराकडं करायचे आणि परतताना पुन्हा पुढं. जाताना नावेच्या पुढं नुसता काळोख. एका सांजेला सरकारी कारकून नेमका पलीकडच्या काठावर उभा होता. नाव अंधारातनं आली ती त्याच्या पायाशीच धडकली.

तो काय म्हणाला ते भावजींनी घरी येऊन सांगितलं. "कंदील काय पाठीमागं उजेड पाडायला आणलाय? उद्या हितनं दिसला न्हाय, तर रातची नाव खालच्या घाटवाल्यांना देतो!"

मामंजी हटले न्हाईत. म्हणाले, "जाऊ दे रातची नाव. यमाला दिवा दाखवून माझं पोरगं न्हाय घालवायचं मला."

धाकटीचं तोंड एवढंसं झालं. खरं सांगते, माझ्या मनात उकळ्या फुटल्या. गेला एकदाचा कंदील! पण लगेच खालच्या घाटावरच्या बायका डोळ्यांपुढं आल्या. आता त्या काचा पुसणार, त्या मिरवणार, आणि वर येऊन आम्हाला विचारणार, "काय गं, अंधार झाला काय तुमच्याकडं?" अगं बाई गं! धाकटीचा तोरा परवडला, पण ह्यांचा? मेले तरी न्हाय.

मी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि बोलले, "मामंजी, धनतेरसला आपण दक्षिणेला दिवा लावतो की न्हाय? अकाली मरण येऊ नये म्हणूनच लावतो न्हवं? मग नदीवरच्या माणसाचं मरण काय वर्षातनं एकदाच पाण्यात बसतंय?"

मामंजींनी कंदील उचलून काचेवर बोट फिरवलं. मग म्हणाले, "थोरली बोलती ते खरं हाय."

दुसऱ्या सांजेला काच दक्षिणेकडं वळली. कारकुनाला दिवा दिसला आणि रातची नाव आमच्या घरात राहिली. कंदील मात्र धाकटीच्याच हातात. माझ्याच तोंडानं मी तो तिला कायमचा दिला. बोला आता!

काच पुढं गेली आणि आमच्या काठावरनं जाणारी नाव दिसंनाशी झाली. पाण्यात नुसता वल्ह्याचा आवाज, आणि तोही मग बंद. धाकटीचा सगळा तोरा तवा उतरायचा. ती माझ्या पायरीवर येऊन बसायची आणि माझा हात घट्ट धरायची. पलीकडं उतारू उतरून, नाव वळून, दिवा पुन्हा आमच्याकडं तोंड करीपर्यंत सोडायची न्हाय. शेजारी माझे मालक तंबाखू मळत बसलेले असायचे.

एकदा नाव यायला फार वेळ लागला. धाकटी त्यांच्याकडं बघत बसली आणि हळूच म्हणाली, "आक्का, तुमचं बरं हाय. तुमचं माणूस दिवेलागणीला घरात असतंय. मला लई हेवा वाटतोय तुमचा."

माझा हेवा! मालकांनी अंधारात बघत विचारलं, "अगं, आला काय दिवा?"

आला नव्हता. "येतोय," मी म्हटलं आणि धाकटीचा हात दुसऱ्या हातानंही धरला.