जगाच्या लोकशाहीला आमच्या विहिरीची पाळी

जगभरातल्या लोकशाहीवाल्यांनी एकमेकांशी बोलावं म्हणून इंटरनेटवर जी सामायिक जागा बांधली गेली, तिचा महत्त्वाचा अर्धा भाग दिंद्रुडच्या पेठेत, माझ्या एसटीडी बूथमध्ये तयार झाला. उरलेला किरकोळ अर्धा परदेशात झाला म्हणतात. असेल.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. वडिलांचं किराणा दुकान आणि त्याला चिकटून माझा काचेचा बूथ. त्यात फोन, लाल आकडे पळवणारं मीटर, आणि बीडच्या एका बंद पडलेल्या क्लासमधून शेंगदाण्याच्या पोत्यांवर बसवून आणलेला कॉम्प्युटर. बूथ इतका अरुंद की माऊस उजवीकडे न्यायचा तर दार उघडावं लागे. मोडेम फोनला जोडला की असा किंचाळायचा, की समोरच्या हॉटेलातली गिऱ्हाइकं अर्धा चहा टाकून उठायची. एक म्हैस तर त्या आवाजानं दावं तोडून पळाली, ती थेट धर्मापुरीच्या देवळापाशी सापडली. हे तिचा मालक सांगतो. मी त्यात फक्त थोडं अंतर कमी केलंय.

या उद्योगात मला ओढलं पुण्याच्या मावसभावानं. तो इंजिनिअर. देशोदेशीच्या मंडळींबरोबर तो ही जागा बांधत होता. कुणाचं सरकार ऐकत नाही, कुणाच्या निवडणुकीत घोळ आहे, कुणाच्या गावात सभाच होत नाही, अशा सगळ्यांनी तिथं यावं, लिहावं, एकमेकांना वाट दाखवावी. कल्पना झकास होती. पण उघडल्या उघडल्या तिथं तिघांनीच ठाण मांडलं: एक जर्मन प्राध्यापक, एक अमेरिकन वकील आणि खुद्द आमचा मावसभाऊ. नवीन लिहिलेलं वर दिसायचं, जुनं खाली जायचं. ज्याच्या देशात फोन धड लागत नाही, तो बिचारा दोन ओळी लिहीपर्यंत या तिघांची पानंच्या पानं त्याच्यावर पडायची.

मावसभावानं विचारलं, "तुला काही सुचतं का रे?"

मला सुचायची गरजच नव्हती. आमची विहीर चार भावांत सामायिक. वडील आणि माझे तीन काका. त्यांच्यापुढं तो जर्मन म्हणजे गोगलगाय. पण पाण्यावरून डोकी फुटून झाल्यावर शेवटी नियम ठरले होते. एक, पाळी ठरलेली. दोन, ज्याची पाळी त्यानं स्वतः मोटारीपाशी उभं राहायचं, दुसऱ्याच्या नावानं पाणी घ्यायचं नाही. तीन, पाळीत लाईट गेली तर तेवढा वेळ भरून मिळणार. मी हे जसंच्या तसं माझ्या इंग्रजीत लिहून पाठवलं. माझं इंग्रजी असं, की वाचणाऱ्याला घाम फुटतो पण मुद्दा कळतो.

आणि नियम मंजूर झाले की हो! ज्याचा दिवस त्याचंच लिखाण सगळ्यात वर, बाकीच्यांनी त्याला फक्त उत्तर द्यायचं. लाईट जाणाऱ्या देशांनी तिसरा नियम वाचून म्हणे टाळ्या वाजवल्या. प्राध्यापकानं तक्रार केली, तेव्हा केनियाच्या एका शिक्षकानं त्याला कळवलं, आधी विहीर बघून या.

मग आमच्या भागाची पाळी आली. बायकांसाठी राखीव जागा तेव्हा नव्या होत्या, त्याबद्दल जगाला कुतूहल. निवडून आलेल्या एखाद्या बाईनं लिहावं, असं ठरलं. मी लगेच वहिनींचं नाव दिलं. वहिनी म्हणजे माझ्या शाळासोबत्याची बायको, दिंद्रुडपासून सायकलीच्या अंतरावरच्या एका गावाची सरपंच. सरपंच कागदावर. खुर्चीवर माझा मित्र बसायचा, लोक त्यालाच सरपंच म्हणायचे आणि ग्रामसभा म्हणजे घरोघर सह्यांसाठी फिरणारं रजिस्टर.

पाळीच्या सकाळी मित्र कडक इस्त्रीत, अत्तर लावून एकटाच स्कूटरवर आला.

"चल बे, चालू कर मशीन. भाषण आणलंय. लोकशाही आणि ग्रामविकास."

"वहिनी कुठायत?"

"ती कावून पाहिजे? तिची पाळी म्हंजी माझीच पाळी की."

"दुसऱ्याच्या नावानं पाणी घ्यायचं न्हाई. नियम हाय."

"कुणी केला नियम?"

"मी."

"मग तूच मोड की बे!"

"सगळ्या जगानं मंजूर केलाय. आता मलापण मोडता येत न्हाई."

माझ्याकडं त्यानं असं बघितलं, जसं काही मी त्याला आमच्या विहिरीतच ढकललं होतं. पण पाळी वाया गेली तर गावाची अब्रू जाणार, म्हणून स्कूटर वळवून गेला आणि वहिनींना घेऊन आला.

बूथमध्ये वहिनी आणि मी. तो बाहेर, काचेला नाक लावून. मराठी अक्षरं परदेशात नुसते चौकोन दिसायची, म्हणून वहिनी सांगणार आणि मी इंग्रजीत लिहिणार.

"लिवा भावजी. मी सरपंच हाय. खुर्चीवर हे बसतात. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेला मी बसणार. आजपर्यंत सभेत एक शब्द बोलले न्हाई. पहिलं वाक्य काय बोलू, की लोक हसणार न्हाईत?"

मी लिहायला लागलो. हात थांबेनात.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. "मी एवढी कुठं बोलले? तुमी तर पाटी भरली. वाचा, मराठीत."

"बंधू-भगिनींनो, मराठवाड्याच्या काळ्या मातीतून मी आपणास..."

"ती माती काढा."

"वहिनी, माती लई भारी वाटते."

"भारी वाटती तर तुमच्या पाळीत घाला."

माती काढायला माऊस उजवीकडे न्यावा लागला, म्हणजे दार उघडावं लागलं. वहिनी पुन्हा पहिल्यापासून सांगतच होत्या, सभेत खुर्चीवर मी बसणार.

"कोण बसणार खुर्चीवर?" बाहेरून मित्र.

"मी," वहिनी त्याच्याकडं न बघता म्हणाल्या.

"मग मी कुठं बसू?"

"सतरंजी हाय की."

त्यानं हातातलं भाषण घडी करून खिशात कोंबलं. मग म्हणाला, "बघू, जग काय म्हणतंय ते. हसंल जग." वहिनींचा चेहरा उतरला. त्यांना भीती होती ती नेमकी हीच. मी बटण दाबलं.

जग हसलं नाही. नेपाळच्या एका वॉर्डातल्या बाईनं लिहिलं, माझ्याही जागी नवरा बसायचा. भाषण करू नका, प्रश्न विचारा, लोकांना उत्तर देण्यात हसायला वेळ मिळत नाही. बोलिव्हियाच्या बाईनं लिहिलं, माझ्या सह्या नवरा करतो, तुमचं काय झालं ते कळवा, मग मी बघते. जर्मन प्राध्यापकाचंही उत्तर आलं होतं. ते आमच्या फोनवरून अजून उतरतंय.

"म्हंजी तिकडंपण असंच हाय?" वहिनींनी विचारलं.

"सगळीकडं."

त्या पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की बूथच्या काचा थरथरल्या.

सव्वीस जानेवारीला अमेरिका बघणार हाय, असं मी पंचक्रोशीत सांगून ठेवलेलं. शाळेच्या पटांगणात माणूस मावेना. झेंडावंदन झालं आणि लोक वळून बघतात तर वहिनी खुर्चीवर. मित्र दोन पावलांवर येऊन थबकला, इकडंतिकडं बघितलं आणि सतरंजीच्या कडेला टेकला. कुणीतरी खोकलं. वहिनींची बोटं पदराच्या काठाशी चाळा करत होती. मला वाटलं, आता उठतात आणि घरी जातात.

"शाळेच्या हापशाला पाणी येतंय का न्हाई?" त्या म्हणाल्या.

झालं! येतंय, न्हाई येत, आलतं पण गेलं, गढूळ येतंय, लोखंडाचा वास मारतो. बायका उठून उभ्या राहिल्या, म्हातारे काठ्या आपटायला लागले. ग्रामसेवकाला काय लिहू आणि काय नको असं झालं. हापशाची दुरुस्ती माझ्या मित्राच्या देखरेखीखाली झालेली. तो उठला.

"माझं ऐका जरा..."

"नाव सांगा," वहिनी म्हणाल्या.

"आँ?"

"बोलणारानं आधी नाव सांगायचं. ग्रामसेवकांना लिवायचं असतं."

"आता माझं नाव तुला माहीत न्हाई व्हय?"

"माहीत हाय. पण माझ्या तोंडानं कसं घेऊ, एवढ्या लोकांत?"

बायकांच्या बाजूनं जो हशा उठला, तो अमेरिकेला ऐकू गेला असणार. मित्रानं मदतीला माझ्याकडं बघितलं. मी झेंड्याचं बारकाईनं निरीक्षण करत होतो. शेवटी त्यानं शाळेत हजेरीला उभं राहिल्यासारखं स्वतःचं नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं मोठ्यानं सांगितलं. ग्रामसेवकानं लिहून घेतलं.

"बोला," वहिनी म्हणाल्या. "थोडक्यात."