काळा रंग मारलेला कन्व्हर्टर
जळक्या गिअर ऑइलचा वास आला की मला कुवेतमधलं ते स्पेअर पार्टचं दुकान आठवतं. एसी दुरुस्तीची माझी सगळी कामं ज्या जुन्या डिझेल पिकअपवर चालायची, तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा टॉर्क कन्व्हर्टर ऐन उन्हाळ्यात खैरानच्या रस्त्यावर गेला होता. दुकानदार आपल्या कोकणातलाच निघाला. त्याने एक चकचकीत काळा कन्व्हर्टर पुढे ठेवला. "कंपनीचा नाही, पण कोरा आहे. गाववाल्याला फसवीन काय मी?" मी कन्व्हर्टरच्या तोंडातून आत बोट फिरवलं, तर करपलेलं तेल आणि लोखंडाचा चिकट कीस हाताला लागला. जुनाच माल वरून रंगवलेला! मी किळसून तो दुकानदाराकडे परत ढकलला. तो निर्लज्जपणे हसला आणि आतून खरोखरचा नवा घेऊन आला. "तुम्ही हा न्या. तो दुसऱ्या कुणाला देईन." तेवढ्यात एक पठाण ड्रायव्हर आत आला आणि त्या काळ्या कन्व्हर्टरवर हात ठेवून त्याने मलाच विचारलं, "भाईसाब, ये ठीक है?" माझा नवा कन्व्हर्टर अजून दुकानदाराच्याच हातात होता. मी म्हणालो, "ठीक ही होगा." ड्रायव्हर माझे आभार मानून तो घेऊन गेला. दुकानदाराची किळस महिन्याभरात गेली. स्वतःची मात्र अजून येते.