पोटरीतला पाव्हना

भरतीच्या ग्राऊंडवर सगळ्याचीच टंचाई असते. बूट फाटलेले, स्टॉपवॉच एकच, पाण्याचा जार सातच्या आत रिकामा. किस्से मात्र भरपूर! एक सांगून होत नाही तोवर पलीकडे कुणीतरी पोटरी धरून बसलेलं असतं. शहाद्याबाहेरच्या एका पडीक मैदानावर मी दोन वर्षं पोरापोरींची पोलीस भरतीची तयारी करून घेतली. एमए होऊन परतलो होतो आणि मला सगळं लगेच बदलायचं होतं. आता मित्र भेटले की म्हणतात, "ते पायाचे किस्से सांग ना!" मी सांगतो. तेही हसतात. शेवटचे दोन मात्र मी बहुतेक वेळा गाळतो.

*

पहिल्याच आठवड्यात धावता धावता दोघे एकदम खाली बसले. तापीकाठच्या गुजर घरातला हितेश ओरडला, "गोटला चढी ग्या!" त्याच्या शेजारी नाना कण्हत होता, "गोया चढना रे, गोया!"

हितेशचा गोटला, नानाचा गोया, म्हणजे आपला गोळा. दुखणं एक, पोटरी तीच, आणि नावं दोन! मी सगळ्यांना रांगेत उभं केलं, म्हणजे जे उभे राहू शकत होते त्यांना, आणि सांगितलं, "याला पेटके म्हणतात. पोलीस व्हायचंय ना? मग शुद्ध बोलायला शिका."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानाचा फोन. एकदम शुद्ध मराठीत.

"सर, मी आज येऊ शकत नाही. मी पेटलो आहे."

*

दिलवर तोरणमाळकडचा. घरी पावरी बोलणारा, आमच्यात सगळ्यात हलका पाय त्याचाच. त्याला पोटरी धरताना मी कधी पाहिलं नाही. शुद्ध मराठीचं माझं खूळ तोवर उतरलं होतं आणि त्या जागी बोलीभाषांचं चढलं होतं. म्हणून मी सर्वांसमोर विचारलं, "दिलवर, पायात गोळा आला की तुमच्याकडे काय म्हणतात?"

त्याने बराच विचार केला. "काही म्हणत नाही सर. बसतो."

मी त्यावर भाषा आणि अस्मिता या विषयावर दहा मिनिटं बोललो. मागे वळून पाहिलं तर अख्खी बॅच खाली बसलेली. दिलवरचा मुद्दा त्यांना पटला होता!

*

मग कुठेतरी वाचलं की केळ्याने गोळे येत नाहीत. आमच्याकडे केळ्यांना काय तोटा? हितेशच्या बाबांनी पिकलेला अख्खा घडच पाठवून दिला. मी म्हणालो, "प्रत्येकी एक." त्यांनी ऐकलं, "प्रत्येकी चार."

सोळाशे मीटर सुरू झालं. दोन राउंडपर्यंत एकाचीही पोटरी धरली नाही. मी खुशीत स्टॉपवॉच बघतोय, तेवढ्यात नाना पोट दाबत आला.

"सर, उपाय लागू पडना. गोया वर सरकना!" गोळा पोटरी सोडून पोटात चढला होता.

*

इथून पुढे चूक माझी आहे.

भरतीत गोळाफेकही असते. एका सकाळी मी पोरींचा गोळा मोजत होतो. टेप माझ्या हातात, पाठ ट्रॅककडे. मागून नानाची आरोळी आली, "सर, गोळा आला!"

मी मान न वळवता ओरडलो, "आला तर फेक!"

ग्राऊंडभर हशा! पुढचे चार दिवस तेच वाक्य चाललं. पण नाना त्या दिवशी बराच वेळ ट्रॅकवर आडवा पडून होता. त्याचा पाय दाबायला पहिली धावली ती मनीषा. मी टेप गुंडाळून मग गेलो.

आणि गेलो तो चिडूनच. मला वाटलं, ही पोरं जरा दमली की गोळ्याचं नाव पुढे करतात. तिथेच जाहीर केलं, "आजपासून या ग्राऊंडवर गोळा येणार नाही. जो 'गोळा' म्हणेल त्याला दोन राउंड जास्त!"

दोन दिवस खरंच कुणाला गोळा आला नाही. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

*

तिसऱ्या दिवशी हितेश बांधाला पाय लावून दात-ओठ खात उभा. मी विचारलं, "काय झालं?"

त्याच्या आधी मनीषाच बोलली. चेहरा गंभीर. "काही नही सर. त्याले पाव्हना उना."

मी फाटकाकडे बघितलं. पाहुणा कुठेच नाही! मागे सगळी बॅच तोंड दाबून हसत होती.

बंदी 'गोळा'वर होती, 'पाव्हन्या'वर नव्हती. मग रोज तेच सुरू झालं. "पाव्हना उना." "पाव्हना जाईना." "चहा दे ना त्याले!" हळूहळू मीही तोच शब्द वापरू लागलो. त्याचं व्याकरणही ठरलं. एका पायात आला तर "पाव्हना उना". दोन्ही पायांत आला तर अनेकवचन, "पाव्हना उनात". त्यावर हितेश ओरडायचा, "जोडीनं उनात!"

मनीषा अशी होती. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत मारायची आणि वर बोलायला तिला दम उरायचा. भाऊ बाईकवर सोडायला यायचा, फाटकापाशीच थांबायचा. एकदा लेस बांधता बांधता ती खालमानेनेच म्हणाली, "सर, घरचे या भरतीपर्यंत थांबतील. नंतर नाही."

"नंतरचं काय काम?" मी म्हणालो. "तू याच भरतीत लागणार!"

मला तेव्हा सगळं असं एका वाक्यात सोडवता यायचं.

*

मैदानी चाचणी नंदुरबारला होती. आदल्या दिवशी दुपारी मी झेरॉक्सच्या दुकानात पोरांचे दाखले क्रमाने लावत होतो. मनीषाचा मेसेज आला.

"सर पाव्हना उनात."

मी एका हाताने टाईप केलं, "दोन्ही पायांत? मीठ-साखर-पाणी पी. पाय भिंतीला लावून वर कर. सकाळपर्यंत जातील."

जरा वेळाने पुन्हा, "सर जाईनात. तुम्ही घरी या ना."

दुकानदार विचारत होता, दोन्ही बाजूंनी काढू का. मला राग आला. उद्या चाचणी, आणि ही पोटरीसाठी मला बोलावते! मी लिहिलं, "मी येऊन काय करणार? तुझा पाव्हना तूच घालव. पहाटे पाचला स्टँडवर."

तिने लिहिलं, "बरं सर."

पहाटे पाचला ती आली नाही. फोन बंद. पहिली गाडी आम्ही सोडली, दुसरी पकडली. गाडीत सगळ्यांना ऐकू जाईल असं मी बोललो, "पोटरीला घाबरणारी पोरगी पोलीस काय होणार!"

हितेश तिच्या शेजारच्या गावचा. तो खिडकीबाहेर बघत होता. नंदुरबार यायला आलं तेव्हा हळूच म्हणाला, "सर, ते खराखुरा पाव्हना व्हतात."

"म्हणजे?"

"काल तिला बघायला आले होते. जीप भरून."

मी मोबाईल काढून मेसेज पुन्हा वाचला. उनात. दोन पाय मी माझ्या मनानेच धरले होते.

"तिचे बाबा पाव्हन्यांना म्हणाले होते," हितेश पुढे म्हणाला, "हिचे सर येताहेत, त्यांच्याशी बोलू, मग ठरवू. दोनदा चहा झाला सर. मग सुपारी फुटली."

त्या दिवशी दिलवर पास झाला. फेटा बांधून आम्ही त्याला गावात फिरवलं. फोटोत मी हसतोय.

*

दीड वर्षाने शहाद्याच्या स्टँडवर मनीषा दिसली. तळोद्याची गाडी लागायची होती. आधी तिनेच हाक मारली, "सर!" तिचा नवरा चांगला माणूस वाटला. नमस्कार केला, "बसा ना सर," म्हणाला आणि आमच्यासाठी पाण्याच्या बाटल्या आणायला गेला.

मी दीड वर्ष एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते आठवेना. शेवटी विचारलं, "पळतेस का अजून?"

तिने स्टॉलकडे पाहिलं. नवरा पाठमोरा उभा होता.

"तुम्ही म्हणाला होतात, सकाळपर्यंत जातील," ती म्हणाली. "पाव्हना काही गया नही, सर."

नवरा बाटल्या घेऊन परत आला. त्याने शेवटचे शब्दच ऐकले असावेत. हसून म्हणाला, "काय गेलं नाही?"

"गोळा," मनीषा म्हणाली. मग माझ्याकडे वळली, चेहरा तसाच गंभीर.

"दोन राउंड ना, सर?"