साखरेतलं मीठ

वाघमारे मॅडम दार उघडायच्या त्या हातात खडू घेऊनच. बिबवेवाडीत आमच्या गॅलरीला लागूनच त्यांची गॅलरी. घरात बारावीच्या केमिस्ट्रीची शिकवणी. माझी स्मिता तिथे जायला लागली आणि तिच्या तोंडी एकच, "मॅडम म्हणाल्या." मी काही विचारलं की, "आई, तुला नाही गं कळायचं." आठवीत शाळा सुटलेली मी, लागायचंच ते. अहो, मुलगी माझी, आणि हसायची शेजारच्या घरात!

मग मी भाजी निवडायला गॅलरीत बसू लागले. कान तिकडे. मिठाच्या पाण्यात तारा बुडवल्या की छोटा लाल दिवा लागतो. साखरेच्या पाण्यात नाही लागत. तिच्या अणूंनी इलेक्ट्रॉन एकमेकांत वाटून घट्ट धरलेले, वीज वाहून न्यायला मोकळं कुणी नाहीच. "साखर विरघळते, पण फुटत नाही," मॅडम म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगाला साखर न्यायचं काम स्मिताकडे आलं. मी पुडीत चमचाभर मीठ मिसळलं. बाईंची फजिती व्हावी, एवढंच होतं मनात.

दिवा लागला. मुलं खिदळली. मॅडमनी पाण्यात बोट बुडवून चाखलं. "वाण्याची कृपा," म्हणाल्या, आणि आतून आपली साखर आणली.

संध्याकाळी पुडी घेऊन आमच्या दारात. "वहिनी, चिमूटभर पुरलं असतं."

माझी मान खाली.

"पण तुम्हाला समजलंय. फी भरणाऱ्या निम्म्यांना नाही समजलेलं. उद्यापासून आत बसा, गॅलरीत मान अवघडेल."

स्मिताला त्यांनी कधीच सांगितलं नाही.

बसले मी. फळ्यावर क्लोरीनचे दोन अणू, मध्ये दोन ठिपके. "हे इलेक्ट्रॉन कुणाचे, वहिनी?"

"एकेक वाटून घ्यायचा."

"चूक. दोघांनीही दोन्ही आपलेच मोजायचे. तरच दोघांचे बाहेरच्या कक्षेतले आठ-आठ भरतात."

कळलं मला. आवडलं नाही.

स्मिता इंजिनिअर झाली, हिंजवडीला कंपनीत लागली. पहिल्या पगारात दोन साड्या आणल्या, एक मला, एक मॅडमना, अगदी सारख्या. तरी मी दोन्हींचा पोत चोळून पाहिला.

मागच्या वर्षी मॅडम गेल्या. मूलबाळ नव्हतं. बुद्धवंदना झाली, फोटोपुढे मेणबत्त्या लावल्या, आणि स्मिता ढसाढसा रडली. त्यांच्या गावाकडच्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, "मॅडमची लेक का हो?"

मी स्मिताकडे पाहिलं. मग म्हटलं, "हो. आणि माझीही."