शांताची न्याहारी

याकोब पाळक गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहागंजात चप्पल शिवून घेत होतो. पहिला राग आला तो त्यांचाच. अहो, परवाच तर भांडलो होतो आपण... भांडण अर्धवट टाकून जायची ही काय रीत?

आमची ओळखही भांडणातूनच झाली. अपंग आणि अनाथांसाठी गंगापूर रस्त्याला त्यांनी आश्रम काढला, तेव्हा अर्ज लिहायला कुणीतरी माझं, एका निवृत्त मास्तराचं, नाव सुचवलं. मी बौद्ध, ते ख्रिस्ती. धर्म वाढवायला निघालात का, असं तोंडावरच विचारलं. ते म्हणाले, आधी चपला काढा, आत पोरं रांगतायत. तिथं नोकर नव्हते, प्रत्येकावर एकेक माणूस सोपवलेलं. डोळ्यांनी अधू रामू इसाकची चाकाची खुर्ची ढकलायचा, इसाक वाट सांगायचा. पाळकांच्या वाट्याला शांता. तिला बोलता येत नाही, बोटं वळत नाहीत, तोंडातून लाळ गळते. रोज सकाळ-संध्याकाळ तिला ते आपल्या खोलीत नेत, दार लोटून घेत आणि भरवत.

परवाचं भांडण तिच्यावरूनच. "गुरुजी, मला काही झालं तर शांता तुमची," ते म्हणाले. मी म्हणालो, "ते मला जमायचं नाय." आमच्या आजोबांना गावाचं उष्टं खावं लागलं होतं, म्हणून उष्ट्याला शिवायचं नाही ही आमच्या घरची शपथ. पण खरं सांगतो, मला त्या लाळेची किळस यायची. ती मी शपथेमागं लपवली. आज लई लाज वाटते.

दफनानंतर चौथ्या दिवशी स्वयंपाक बघणाऱ्या लीलाताईंचा निरोप आला. शांता एक घास घेते आणि तोंड मिटते, कुणाचंच ऐकत नाही, डॉक्टर नळी घालायचं म्हणतात. तडक गेलो. पाळकांच्या खोलीत तिला घेऊन बसलो, दार लोटलं. उपम्याचा पहिला घास तिनं घेतला. दुसरा पुढं केला, तर मनगटानं चमचा माझ्याकडं ढकलला. पुन्हा केला, पुन्हा ढकलला. मी वैतागलो. "अगं, खा ना बाई." ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली... आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. एक घास तिचा, एक त्यांचा. त्याच चमच्यानं, इतकी वर्षं, कुणाला कळू न देता. सगळ्यांना वाटलं पोरगी नको म्हणतेय. ती बिचारी पुढच्याची पाळी आली म्हणत होती.

आजोबांवर उष्टं लादलेलं होतं, माझ्यावर कुणाची सक्ती नव्हती. हे आत्ता सुचतंय. तेव्हा नुसता चमचा माझ्याकडं वळवला. घास तोंडात घातला, गिळायला वेळ लागला. शांतानं लगेच आ केला.

आता रोज दोन्ही वेळा जातो. किळस पार गेली, असं खोटं लिहिणार नाही. पाळक, हे आधी सांगितलं असतंत तर मी त्या खोलीत पाऊल टाकलं नसतं, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं ना? चिडून विचारायचं तरी कुणाला... शांता चमचा ढकलते आणि मी तोंड उघडतो.