आधीच्याचं वजन

माझा नवरा भित्रा आहे, हे लग्नाआधी मला कोणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी केलंच असतं लग्न, पण निदान तयारीत राहिले असते. साधं कुलूप लावलं तरी तो तीनदा ओढून बघतो. मी म्हणायची, "तू कॉम्प्युटरवाला झालास ते बरं. सर्जन झाला असतास तर पेशंटच्या आधी तूच आडवा झाला असतास!" तो हसायचा आणि चौथ्यांदा ओढायचा.

त्याचं काम लिफ्टच्या कंट्रोलरचं. त्यातल्या चिपवर जी सिस्टिम चालते तिला उशीर करायची मुभाच नसते. ब्रेक म्हटलं की त्याच क्षणी ब्रेक. आत किती वजन आहे त्यावरून मोटरने किती जोर लावायचा, याचं गणित करणारी एक लायब्ररी, म्हणजे तयार कोड, जगातल्या कुठल्या तरी भल्या माणसांनी लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. पण ती मोठ्या कॉम्प्युटरांसाठी. ती ऑफिसच्या कॉम्प्युटरवर बसून त्या एवढ्याशा चिपसाठी बांधून काढायची, याला ते क्रॉस-कंपाइल म्हणतात. माणूस समोर नसताना त्याचा सदरा शिवायचा, असं मी त्याला म्हटलं होतं, आणि चक्क त्याला ते पटलं होतं.

बांधताना पडद्यावर एकच इशारा पुन्हा पुन्हा यायचा, की यातले दोन तुकडे एका पद्धतीने बांधलेले नाहीत. याने साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "अरे, असल्या कुरकुरीकडे लक्ष देत बसलास तर म्हातारा होशील. गप्प कर तिला." इशारा गप्प करायची सोय असते. माझ्या भित्र्या नवऱ्याने आयुष्यात एकदाच धीटपणा केला, तो हा.

चाचण्या सगळ्या पास झाल्या. पहिला कंट्रोलर आमच्याच इमारतीत बसवला. नवरा हट्टच धरून बसला होता, काही व्हायचं असेल तर माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे म्हणून. आम्ही दोघं आणि सासूबाई सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो, वर फक्त गच्ची आणि मशीन-रूम. तिची किल्ली आमच्याकडेच असायची.

लिफ्ट चालू झाल्यावर एका दुपारी ऑफिसात तो चाचणीच्या टेबलाशी जेवायला बसला. जागा नव्हती म्हणून कंट्रोलरला जोडलेल्या वजनकाट्यावरची लोखंडी वजनं खाली उतरवली आणि तिथे आपला डबा ठेवला. पडद्यावर आकडा मात्र वजनांचाच राहिला. त्याने डबा उचलला, तेव्हा कुठे डब्याचा आकडा आला. दोन तुकड्यांपैकी एक जण आकडा एका जागी ठेवत होता आणि दुसरा भलत्याच जागी शोधत होता. तिथे त्याला मागच्या वेळचा शिळा आकडा सापडायचा. चाचणीत वजन कधी बदललंच नव्हतं, म्हणून प्रत्येक वेळी उत्तर बरोबर आलं.

आमच्या लिफ्टला आत उभ्या असलेल्या माणसाचं नाही, आधी उतरलेल्याचं वजन दिसत होतं.

माझा फोन वाजला. नवऱ्याचा. "आई कुठेय?"

"खाली, मैत्रिणींत. येतीलच आता. का रे?"

"तिचा फोन लागत नाहीये. ते सामानवाले अजून आहेत?"

सकाळपासून कोणाचं तरी बिऱ्हाड लिफ्टने खाली उतरत होतं. मी जिन्यातून वाकून ओरडले, "आजी दिसल्या का हो?"

खालून हमालाचा आवाज आला, "आत्ताच बसल्या की! कपाट उतरवलं आणि त्या चढल्या. दार लागलं."

मी फोनवर सांगितलं. तो भराभर बोलू लागला, "लिफ्टला वाटतंय आत कपाट आहे. ती त्या जोराने ओढणार. वर थांबायचं तिला जमेलच असं नाही. किल्ली घे, गच्चीवर जा, मेन स्विच पाड. वीज गेली की ब्रेक आपोआप बसतो."

किल्ली घेऊन गच्चीचा जिना कशी चढले कोण जाणे. कुलूप उघडेना, किल्ली दोनदा फिरवली तेव्हा उघडलं. आत मोटर नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत घरघरत होती. स्विचवर हात ठेवला आणि मला आठवलं, सासूबाई बंद जागेला इतक्या घाबरतात की न्हाणीघराचं दारसुद्धा पूर्ण लावत नाहीत.

"आतला दिवा जाईल रे. त्या एकट्या आहेत."

"पाड म्हणतो ना!"

मी पाडला. धाडकन आवाज झाला आणि सगळं थांबलं. मग खोलवरून हाक आली. माझ्या नावाने नाही, मुलाच्या नावाने नाही. त्यांनी आपल्या आईला हाक मारली.

मी धावत खाली आले आणि आमच्या मजल्यावरच्या बंद दाराला तोंड लावून बोलू लागले. "आई, मी आहे. घाबरू नका."

"दिवा कोणी घालवला?"

"मी."

त्यानंतर त्या काहीच बोलल्या नाहीत. मी बोलतच राहिले, काय बोलले ते आठवत नाही. त्या गप्प होत्या म्हणून माझी पाचावर धारण बसली होती.

नवरा मेकॅनिकला घेऊन आला. दार हाताने सरकवलं, तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेली. सासूबाई कोपऱ्यात बसल्या होत्या, दोन्ही चपला छातीशी धरून. नवऱ्याने त्यांना खांद्यांना धरून वर ओढलं आणि तिथेच फरशीवर बसून तो लहान मुलासारखा रडला. स्विच पाडला नसता तर काय झालं असतं, ते नक्की कोणालाच सांगता येत नाही. लिफ्ट बघायला आलेले तपासनीस म्हणाले, वर आणखी एक अटकाव असतो, त्याने कदाचित थांबली असती. त्यांचा तो 'कदाचित' ऐकून मला त्यांना जेवायलाही विचारावंसं वाटलं नाही.

नवऱ्याने सगळं नव्याने बांधलं, एकही इशारा गप्प न करता. साहेबांना काय ऐकवलं ते तो सांगत नाही, पण साहेब आता त्याला 'अरे' म्हणत नाहीत. लिफ्ट सुरू झाली. सासूबाई मात्र खाली उतरेनात. गुडघ्यांमुळे जिना जमत नाही आणि लिफ्टचं नाव काढलं की त्या तोंड फिरवायच्या. मैत्रिणी खालून हात करायच्या, या खिडकीतून करायच्या.

एका सकाळी नवरा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "आई, लिफ्ट आता ठीक आहे. चल ना."

"तुझी भीती गेली?"

तो खोटं बोलेल असं मला वाटलं. मी तर खुणावतही होते. "नाही," तो म्हणाला. "रोज बटण दाबताना हात कापतो माझा."

सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं आणि चपला पायात सरकवल्या. "मग चल," त्या म्हणाल्या. "तुला भीती वाटायची बंद झाली की मग मी नाही बसणार."

लिफ्ट आली. त्याचा दंड घट्ट धरून त्या आत गेल्या. "येतेस ना?" त्याने मला विचारलं.

मी त्या उंबऱ्याशी उभी होते. त्याची इतकी वर्षं टर उडवणारी मी, आणि माझं पाऊल उचलेना. "तुम्ही व्हा पुढे," म्हणाले आणि जिन्याने निघाले. प्रत्येक मजल्यावर थांबून भिंतीला कान लावत होते, पलीकडे दोघं बोलतायत ना ते ऐकायला.