मराठीतला गणिताचा पेपर

माझी मैत्रीण आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायची. तिचे लोक तंजावरचे. मराठीच, पण त्यांची मराठी तमिळच्या चालीवर चालते. आम्ही सांगलीकडचे. पप्पा चेन्नईत जॉर्ज टाउनमध्ये गलाईच्या दुकानात आहेत, म्हणजे जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं काम. ते सातवी शिकले, आई चौथी. मैत्रिणीची आई शाळेत गणित शिकवते. तिची आजीसुद्धा शिक्षिका होती.

मला गणिताची शिक्षिका व्हायचं होतं. हे मी कुणाला नीट सांगितलं नव्हतं, कारण आमच्या घरी 'होशील की' याच्यापुढे काय बोलायचं हे कुणाला ठाऊक नव्हतं. बारावीनंतर पदवी आणि बी.एड. एकत्र करता येतं, त्यासाठी विषयज्ञानाची प्रवेशपरीक्षा असते, हे मला मैत्रिणीकडून कळलं. जिन्यात उभ्या उभ्या तिनं सांगितलं. अम्मा बोलली म्हणून फॉर्म भरला, म्हणाली. मला राग आला. मी इतकी वर्षं मनात धरून बसलेली गोष्ट तिच्याकडे नुसती कुणीतरी बोललं म्हणून झाली होती.

त्या दिवसांत मी संध्याकाळी त्यांच्याकडे अभ्यासाला जायचे. आंटी, म्हणजे तिची आई, शेवग्याच्या शेंगा सोलता सोलता सांगायच्या, या धड्यावर जास्त येतं, हा प्रकार अडला तर सोडून पुढे जा. मैत्रीण जांभया द्यायची. मधेच उठून फ्रिज उघडायची. मी मात्र एकेक वाक्य पाठ केल्यासारखं घरी घेऊन यायचे. आंटी माझ्याकडे बघूनही सांगायच्या, त्यांनी कधी भेद केला नाही. पण आठ वाजले की मला उठावं लागायचं आणि ती तिथंच राहायची. रात्री जेवताना तिला अजून काय काय कळत असेल, असं मला वाटत राहायचं.

फॉर्म भरायला मी पप्पांना घेऊन ब्राउझिंग सेंटरवर गेले. परीक्षा कोणत्या भाषेत हवी, तिथे भाषांची यादी उघडली. पप्पा इतका वेळ मागे उभे होते. त्या सगळ्या पडद्यावर त्यांना वाचता आलेला तो एकच शब्द असणार. ते पुढे वाकले.

"मराठी हाय की इथं. हीच घे बाळा. आपल्या भाषेत सोपं जातंय."

सेंटरवाल्यानं तमिळमध्ये दोनदा विचारलं, नक्की ना? मी हो म्हटलं. मला बरंच वाटलं होतं. मराठी वाचायला मला पप्पांनीच शिकवलं होतं, गावाकडून आलेल्या लग्नपत्रिकांवरून. खालच्या मजल्यावरच्यांना ती नीट वाचताही येत नाही. निदान एक गोष्ट माझ्याकडे होती जी तिच्याकडे नव्हती.

गणित मात्र मी पहिलीपासून इंग्रजीत शिकले होते. हे मला त्या वेळी सुचलं नाही. आंटींना विचारावं, हेही सुचलं नाही.

परीक्षेच्या दिवशी पडद्यावर पहिला प्रश्न आला आणि मला वाटलं, हा माझा पेपर नाही. निश्चयक. समाकलन. सदिश. आमच्या घरच्या मराठीत भाजी होती, ताप होता, भांडण होतं, गावच्या देवीचा नवस होता. हे शब्द त्यात कधी आलेच नव्हते. सदिश म्हणजे व्हेक्टर, हे मी अक्षराच्या डोक्यावरच्या बाणावरून ओळखलं. जिथे नुसती चिन्हं होती ती गणितं सोडवली. जिथे तीन ओळींचं वाक्य होतं तिथे बसून राहिले. भाषा बदलता येईल का म्हणून हात वर केला, तर पर्यवेक्षक आता नाही म्हणाले. दोन रांगा पुढे मैत्रिणीची पाठ दिसत होती. तिचा माउस टकटक चालला होता. ती थांबावी, निदान एकदा तरी अडावी, असं मला फार वाटलं.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "ईझी होता ना?" मी सांगितलं की माझा मराठीत होता. तिला ते खरंच वाटेना. "सुम्मा, उगाच थट्टा नको करूस, डी. कुणी घेतं का ते?"

तिचं नाव यादीत आलं. माझं आलं नाही. आंटींना भाषेचं कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "एकदा विचारायचं होतंस की मला." त्या मायेनंच बोलल्या. पण मैत्रीण शेजारी बसून नव्या कॉलेजसाठी बॅग निवडत होती. तिला असं काही विचारावं लागलंच नव्हतं.

मी सरकारी कॉलेजात बी.एस्सी.ला गेले आणि पुढच्या वर्षी पुन्हा फॉर्म भरायला बसले. पप्पा आलेच. भाषांची यादी उघडल्यावर त्यांनी पडद्यावरच्या 'मराठी'वर बोट ठेवलं. गेल्या वेळी पेपर अवघड होता, एवढंच मी घरी सांगितलं होतं.

"पप्पा, मला गणित मराठीत येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी पडद्यावरचं बोट काढून घेतलं. मग सेंटरवाल्याला त्यांच्या मोडक्या तमिळमध्ये म्हणाले, ती सांगेल ते घाला. घरी येताना ते माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिले. असं तोंड पडलेल्या बापाबरोबर मैत्रिणीला कधी घरी यावं लागलं नसेल, हेच माझ्या डोक्यात फिरत राहिलं.

या वर्षी माझं नाव लागलं. तेच कॉलेज, तोच कोर्स. पहिल्या दिवशी पप्पा कामावरून सुट्टी काढून सोडायला आले. फाटकाशी मैत्रीण उभी होती, गळ्यात ओळखपत्र, दुसऱ्या वर्षाचं. तिनं मला मिठी मारली. वर्ग दाखवते, कँटीन दाखवते, कुठल्या सरांना घाबरायचं ते सांगते, म्हणाली. तिला मनापासून आनंद झाला होता, ते दिसत होतं. मलाही झाला असावा.

पप्पा तिला लहानपणापासून ओळखतात. आमच्या घरी ती यायची तेव्हा 'काय गं, जेवलीस का' असं विचारायचे. आता त्यांनी तिच्या गळ्यातल्या कार्डाकडे पाहिलं, मागच्या इमारतीकडे पाहिलं, आणि हात जोडले.

"तुम्ही हायसा म्हणून काळजी न्हाई. पोरीकडं लक्ष द्या."

"अय्यो, अंकल," म्हणत ती हसली, पण तिनं त्यांना थांबवलं नाही.

मी पप्पांच्या हातातली बॅग घेतली, तुम्ही आता निघा म्हटलं, आणि तिच्या आधी फाटकातून आत गेले. वर्ग कुठे आहे ते मला माहीत नव्हतं.